केरूच्या अभिनंदनाचा ठराव

दुबईत भाड्याच्या इमारतीला सोसायटी नसते. इमारत मालकाची, तक्रारी मालकाच्या ऑफिसात, आणि आपण आपले चेक वेळेवर वटतील एवढं बघायचं, अशी तिथे सुटसुटीत व्यवस्था आहे. तरीही करामातल्या आमच्या तीन मजली, बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत सोसायटी होती, कारण त्या बारांपैकी चार बिऱ्हाडं मराठी होती. चार मराठी कुटुंबं एका जिन्यावर राहायला लागली की पाचव्या महिन्यात त्यांच्यातलं कोणीतरी इतिवृत्ताची वही विकत आणतं. आमच्याकडे ती मी आणली, म्हणून मी सचिव. अध्यक्ष समोरचे चारुदत्त, कारण ते एक्क्याण्णव सालापासून गल्फमध्ये होते आणि हे सांगायला त्यांना कुठलंही निमित्त पुरत असे.

मी हे गमतीत सांगतोय खरा, पण यात गंमत फार थोडी आहे. एका भल्या माणसाचं यात नुकसान झालं. ते माझ्या हातून झालं, आणि तेसुद्धा अगदी सुवाच्य अक्षरात.

दोन हजार नऊचा फेब्रुवारी होता. मंदी सुरू होऊन चार-पाच महिने झाले होते. मी एका बांधकाम सल्लागार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होतो, म्हणजे आलेला प्रत्येक कागद नोंदवायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि तो हरवू द्यायचा नाही. आमच्या ऑफिसात दर गुरुवारी चार-पाच खुर्च्या रिकाम्या होत. माझी नोकरी टिकून होती, कारण काढलेल्या लोकांची पत्रं फाइल करायलाही कोणीतरी लागतंच. मी ती फार नीट फाइल करत असे.

आमच्या मालकाने मंदीचं निमित्त करून इमारतीचा वॉचमन काढला. त्यानंतर खालचं दार ज्याला त्याला मोकळं झालं. आधी गालिचे धुणाऱ्यांची पत्रकं आली, मग चारुदत्तांच्या दारातले बूट गेले, आणि एका सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक सुटाबुटातला माणूस बॅग उशाला घेऊन झोपलेला सापडला. विभावरीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला चहा दिला. चारुदत्तांनी सल्ला दिला. तो गेल्यावर आम्ही सभा बोलावली.

सभेत ठरलं की खालच्या दाराला विजेवर चालणारं कुलूप बसवायचं. दाराच्या चौकटीत एक लोखंडी खोबण बसते. वर आपापल्या घरात बटण दाबलं की ती खट् करून मोकळी होते आणि खाली उभा असलेला माणूस दार ढकलून आत येतो. आतून बाहेर जायला मूठ फिरवली की झालं. मालकाच्या ऑफिसला फोन केला तर तिथला मॅनेजर म्हणाला, "करो, करो, हमारा खर्चा नहीं।" हेही मी इतिवृत्तात नोंदवलं.

आता हे बसवायचं कोणी? चारुदत्त म्हणाले, "अहो उपेंद्र, बारा व्होल्टचं काम ते. डोअरबेलसारखं. हे काय इलेक्ट्रिकचं काम म्हणायचं?" मी चौकशीला निघालो आणि मला कळलं की जगात यापेक्षा अवघड काम नाही. सुताराचं दुकान म्हणालं, आमच्या लायसन्सवर लाकूड आहे, वायर नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला, वायर ओढतो, पण कुलपाला हात लावणार नाही, कुलूप म्हणजे सिक्युरिटी. कुलपवाला म्हणाला, मी फक्त विकतो. शेवटी एक सिक्युरिटीवाली कंपनी मिळाली, तिच्या परवान्यावर सगळं होतं. त्यांच्या टायवाल्या मुलाने इमारतीचा नकाशा, मालकाचं पत्र, आगीच्या वेळी दार उघडेल याची मंजुरी आणि सात हजार दिरहम मागितले. "म्हणजे एक्क्याण्णव हजार रुपये," चारुदत्त मोठ्याने म्हणाले.

यावर तोडगा विभावरीने काढला. ती म्हणाली, "आपल्या केरूला विचारा की."

केरू औटी हा जुन्नरकडचा माणूस. अठ्ठेचाळीसचा, करड्या मिशांचा, बोलायला कमी. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात दारं-खिडक्या बनवणारी एक कंपनी होती, तिथे तो चौदा वर्षं होता. आमच्या स्वयंपाकघराचं शटर त्याने एकदा बसवून दिलं होतं, ते इतकं हलकं सरकायचं की विभावरी उगाचच उघडझाप करत बसायची. त्याच्या व्हिसावर हुद्दा 'सुतार' असा होता. पण कंपनीने त्याला आठ वर्षं हॉटेलांच्या दारांवर असलीच विजेची कुलपं बसवायला लावली होती. तिकडे व्हिसावर एक आणि हातात दुसरंच, हे सर्रास चालतं. व्हिसावर शिपाई असलेला माणूस हिशेब तपासतो आणि सेल्समन असलेला बिर्याणी करतो. कोणी विचारत नाही, कारण कोणी सांगत नाही.

केरू शुक्रवारी सकाळी सुट्टीचा दिवस धरून आला. चौकटीला पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, पटाशी लावली आणि अशी खाच पाडली की बारीक भुसा सोडून खाली काही पडलं नाही. वायर त्याने पांढऱ्या पट्टीतून जिन्याच्या कडेने अशी वर नेली की ती मुळात भिंतीबरोबरच आली असावी असं वाटावं. बाराच्या बारा घरांत बटणं लागली. मी खाली उभा राहिलो, विभावरीने वरून बटण दाबलं. खट्.

"अहो, लाईट गेले तर?" चारुदत्तांनी विचारलं.

"उघडं ऱ्हाईल, साहेब. आग लागली तं लोकं कोंडाया नगं."

"म्हणजे लाईट गेले की चोर आत!"

"व्हय. पर आपुन भायेर."

सामानाव्यतिरिक्त त्याने पैसे घेतले नाहीत. वहिनींनी जेवायला घातलं, पुष्कळ झालं, म्हणाला. आता चार मराठी कुटुंबांना हे कसं सहन व्हावं? आम्ही पुढच्याच शुक्रवारी सत्कार ठेवला. आमच्या दिवाणखान्यात केरूला मधल्या खुर्चीवर बसवलं, शाल घातली, श्रीफळ दिलं. मार्चमधली दुपार, एसी धापा टाकत होता आणि तो माणूस शाल लपेटून घामाने निथळत बसला होता. मी उभा राहून ठराव वाचला: "श्री. केरू भागाजी औटी यांनी इमारतीच्या मुख्य दारास विजेवर चालणारे कुलूप एकट्याने, स्वहस्ते, विनामोबदला व अत्यंत कौशल्यपूर्वक बसवून दिल्याबद्दल ही सभा त्यांचे हार्दिक अभिनंदन करीत आहे." सूचक चारुदत्त, अनुमोदक मी. टाळ्या झाल्या.

केरूने वही मागून घेतली आणि बोट ठेवून ती ओळ वाचली. "साहेब, श्री. बी लिवलंय?" त्याने विचारलं.

"अर्थात," मी म्हणालो. मला तेव्हा फार छान वाटलं होतं.

चहा घेताना त्याने त्याची अडचण सांगितली. कंपनीची कामं बंद पडली होती. आता ती कुलपांचं काम उघडपणे, रीतसर परवाना काढून करणार होती, आणि त्यासाठी सरकारी परीक्षेचं कार्ड असलेले टेक्निशियन लागणार होते. ज्याच्याकडे महिनाअखेर कार्ड असेल तो राहील, बाकीचे सुतार परत जातील. "परीक्षा देतो मी. हातानं करून दावायची आसंल तं लगेच देतो. पर अर्ज लागतो, कामाचा दाखला लागतो. कंपनी म्हनती तुझं तू बघ." मग म्हणाला, "मला दोन वर्सं पायजेत, साहेब. संजनाचं नर्सिंग हुईस्तवर. मंग मी काय, जातोच की."

अर्ज! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल, पण माझा अर्ज अपूर्ण म्हणून कधी परत आलेला नाही. मी म्हणालो, "केरू, तू काळजी करू नकोस. हे काम माझं."

पुढचे चार दिवस मी ऑफिसातून आल्यावर तेच करत होतो. अर्जाला अकरा कागद जोडले. पासपोर्ट, व्हिसा, शाळा सोडल्याचा दाखला, कुलपाचा फोटो, कुलपासह केरूचा फोटो, कुलपासह केरू आणि समिती असा फोटो. आणि क्रमांक सात, अभिनंदनाचा ठराव. अनुभवाचा याहून मोठा पुरावा कुठला? बारा घरांनी एकमताने मंजूर केलेला. म्हणजे चार घरांनी, पण बाकी आठ घरांनी विरोध केला नव्हता.

अर्ज अरबीत करायला आम्ही दोघं करामातल्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो. तिथे सुरैय्या नावाच्या हैदराबादच्या बाई वीस वर्षं असले अर्ज टाइप करत होत्या. त्यांनी सगळे कागद चाळले आणि सातव्या कागदावर थांबल्या. मी त्याचा इंग्रजी तर्जुमा स्वतः केला होता.

"भाईसाब, ये मत लगाइए. जितना माँगा है, उतना ही दीजिए."

"क्यों मॅडम? ये तो सबसे इम्पॉर्टंट है."

"इसीलिए."

मला राग आला. एका टायपिंग करणाऱ्या बाईने मला कागद कुठला लावायचा हे शिकवावं? मी म्हणालो, "मॅडम, मैं डॉक्युमेंट कंट्रोलर हूँ." त्यांनी माझ्याकडे, मग केरूकडे पाहिलं आणि निमूटपणे टाइप करायला सुरुवात केली.

केरू हळूच म्हणाला, "बाई नगं म्हनत्यात तं राहू द्यायचं का, साहेब?"

"अरे, हाच तर तुझा दाखला आहे!"

"तुमी म्हनताय तं ठीक हाय," तो म्हणाला. त्याचा माझ्यावर पूर्ण भरवसा होता.

ज्या खात्यात अर्ज द्यायचा होता, तिथे आमचा नंबर लवकर लागला. खिडकीपलीकडे पांढऱ्या कंदुऱ्यातला, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातला, एक तरुण अरब अधिकारी होता, अत्यंत सभ्य. त्याने केरूला बसायला सांगितलं. कागद उलटत उलटत तोही सातव्यावर थांबला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, पुन्हा वाचला. मग केरूच्या व्हिसाचं पान पाहिलं. 'सुतार.' मग मला मोडक्या हिंदीत विचारलं, "ये लॉक किसने लगाया?"

"ही ओन्ली, सर! अलोन! अपने हाथ से!" मी केरूच्या खांद्यावर हात ठेवला.

"कंपनी ने भेजा?"

"नो सर. फ्रायडे को. सोशल वर्क."

त्याने एक लांब श्वास घेतला. तो कागद त्याने गठ्ठ्यातून वेगळा काढला, उलटा केला आणि दोन बोटांनी माझ्या बाजूला सरकवला. अर्ध्यापर्यंत. "हबीबी," तो हळू आवाजात म्हणाला, "ये पेपर दूसरा फाइल का है शायद? गलती से आया?"

मी आजवर हा प्रसंग मनात शेकडो वेळा पुन्हा पाहिलाय. दर वेळी मी तो कागद उचलतो, खिशात घालतो, म्हणतो, हो साहेब, चुकून आला. त्या दिवशी मात्र मी हसलो आणि तो कागद सुलटा करून परत त्याच्याकडे सरकवला.

"नो सर, इसी फाइल का है. अटॅचमेंट नंबर सेवन. मेरे पास से पेपर में गलती नहीं होती, सर. आय अ‍ॅम डॉक्युमेंट कंट्रोलर."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. मग त्याने शिक्का उचलला आणि अकराही कागदांवर मारला. बाहेर येताना मी केरूला म्हणालो, "बघितलंस? एकही त्रुटी काढली नाही."

दहा दिवसांनी पत्रं आली, एक केरूच्या कंपनीला, एक आमच्या मालकाला. केरूला कार्ड नाकारलं होतं. ज्याच्या व्हिसावर सुतार आहे, त्याने परवाना नसताना, स्वतःच्या कंपनीबाहेर, सुट्टीच्या दिवशी, मंजुरी नसलेलं सुरक्षेचं काम केलं, हे सोबत जोडलेल्या कागदावरून सिद्ध होत होतं. सोबत जोडलेला कागद म्हणजे क्रमांक सात. कंपनीला स्वतःचा नवा परवाना हवा होता, तिने हात झटकले. केरूचा व्हिसा रद्द झाला. महिनाअखेरचीही वाट पाहिली नाही. मालकाला मूळ दार पूर्ववत करायला सांगितलं होतं. त्याच्या मॅनेजरचा मला फोन आला. 'करो, करो' हे आपण म्हणालो होतो, याची त्याला बिलकूल आठवण नव्हती.

मी त्या खात्यात पुन्हा गेलो. तीन वेळा गेलो. खिडकीत दुसरा माणूस होता. मी त्याला म्हणालो, साहेब, ठराव चुकीचा होता, आम्ही असं बोलतोच, आमच्यात कौतुक करायची पद्धत आहे. तो म्हणाला, मग खरं काय, याने लावलं नाही? मी माझे कागद गोळा केले आणि बाजूला झालो.

चारुदत्त म्हणाले, "मी एक्क्याण्णवपासून इथे आहे, मला तेव्हाच शंका आली होती." विभावरी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. सगळं ऐकून माझी अकरा वर्षांची ओवी एवढंच म्हणाली, "बाबा, यू टोल्ड ऑन हिम." चुगली केलीत, असा त्याचा अर्थ.

दार पूर्ववत करायला कंपनीने सुतार पाठवला. केरूच होता. कुलूप काढून चौकट भरणं हे सुतारकाम, त्याला कुठलाही परवाना लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं.

मी त्या दिवशी रजा घेतली होती. तो चौकटीपुढे उकिडवा बसून काम करत होता आणि मी त्याच्या मागे टॉर्च धरून उभा होतो, त्याला टॉर्चची गरज नसताना. त्याने खोबण काढली, बारा घरांतली बटणं काढली, वायर गुंडाळली. मग सागाचा एक तुकडा कापून, घासून, पुन्हा कापून त्या खाचेत बसवला. इतक्या सावकाश की मला वाटलं, त्याला ते काम संपायला नको आहे.

"केरूभाऊ," मी म्हणालो. त्याला 'भाऊ' मी पहिल्यांदाच म्हटलं. "चुकलं माझं. फार मोठी चूक झाली."

तो पॉलिश पेपर फिरवत राहिला. "तुमी खोटं थोडंच लिवलं व्हतं, साहेब? खरंच लिवलं व्हतं."

"संजनाचं काय?"

"बघू. येक येकर हाय, इकावं लागंल."

वर येऊन चहा प्यायला. विभावरीने बांधून दिलेले लाडू घेतले. दारात चपला घालताना थांबला, आणि मला वाटलं, आता तो मला बोलणार. मी वाट पाहत होतो. बोलला असता तर बरं झालं असतं.

"साहेब, त्यो ठराव. त्याची येक परत मिळंल का?"

"तो ठराव?" मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"व्हय. पोरीला दावतो. चौदा वर्सं हितं काय केलं, म्हनून इचारती. तसा कुठं कागद न्हाई माझ्यापाशी. त्यात श्री. लिवलंय, कौशल्य लिवलंय." त्याने मान खाली घातली. "भिंतीला लावीन."

माझ्याकडे तीन झेरॉक्स प्रती होत्या, क्रमांकासह. त्या मी दिल्या नाहीत. मी आतून इतिवृत्ताची वही आणली. कागद फाडणं हे मी आयुष्यात केलं नव्हतं. ते पान मी पट्टी लावून फाडलं, चारुदत्तांच्या आणि माझ्या शाईतल्या सहीसकट, आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते शालीच्या घडीत ठेवलं. शाल तो बरोबरच घेऊन आला होता. परत द्यायला की काय, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर आमची सभा भरली नाही. वहीत पान सहानंतर एकदम आठ आहे. संजनाचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. केरूचा गावचा नंबर माझ्याकडे आहे, नीट नोंदवून ठेवलेला. मी तो अजून एकदाही लावलेला नाही, हेही इथे नोंदवतो.

खालच्या दाराला मालकाने आतून लावायची साधी कडी बसवून दिली. कोणी आलं की खालून हाक मारतं, आणि मीच तीन मजले उतरून उघडायला जातो. विभावरी म्हणते, ओवीला पाठवत जा. मी पाठवत नाही. केरूने चौकटीत लाकूड असं भरलंय की खाच कुठे होती ते डोळ्यांना दिसत नाही. आलेला माणूस आत येऊन जिना चढायला लागला तरी मी थोडा वेळ तिथेच थांबतो आणि बोटाने चाचपून बघतो. अजून सापडलेली नाही.